चौऱ्याण्णव पराभवांची वही

मुनीर,

तुझ्यावर लिहायला बसले आहे. तुला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर "कशाला बाई, माझ्यात काय हाय लिवण्यासारखं" म्हणाला असतास आणि मी अर्धा तास तुझी समजूत काढत बसले असते. तेवढा वेळ नाही. इथल्या मराठी लोकांच्या दिवाळी अंकासाठी 'ओमानमधली लक्षात राहिलेली माणसं' असा विषय दिलाय आणि परवापर्यंत मजकूर हवाय. बाकीचे आपापल्या साहेबांवर लिहितील, दोघं-तिघं तरी कुठल्याशा डॉक्टरांवर. मला सामान बांधताना तुझी वही सापडली. पुढच्या महिन्यात आम्ही कायमचे पुण्याला चाललो. म्हणून तू.

मधला भाग वाचणाऱ्यांसाठी आहे, तुला तो सगळा ठाऊक आहे. काही खोटं लिहिलं असेल तर फोन कर आणि भांड. तुझ्या-माझ्या कामाचं शेवटी बघू.

मुनीर सोहारच्या एका लहानशा खाजगी टेक्निकल कॉलेजात खेळाच्या सामानाचा स्टोअरकीपर होता, २००४ ते २०१६. मी तिथेच लायब्ररियन. आमचे एकनाथराव औद्योगिक वसाहतीत पाइपांच्या कारखान्यात होते. घरात बसून मला वेड लागलं असतं म्हणून मी नोकरी धरली. मुनीर दापोली तालुक्यातला, समुद्राकाठचा. बुटका, काटक, चालताना डावा पाय जरा बाहेर फेकायचा. मैदानाच्या कडेला पत्र्याची केबिन, ती त्याची स्टोअररूम. आत एसी. उन्हाळ्यात प्राध्यापक मंडळी काहीतरी निमित्त काढून तिथे येऊन बसत, तेव्हा तो म्हणे, "एसी बॉलसाठी हाय साहेब. मी पण नुसता बाजूला बसतो."

आमचा फुटबॉल संघ वाईट होता. हे गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. चारशे मुलं, त्यातली बरी खेळणारी सोहार नाहीतर शेजारच्या सहम गावच्या क्लबांनी आधीच उचललेली. उरलेल्यांना शेवटचा तास संपला की गाडी काढून घरी पळायची घाई. तरी दरवर्षी अकरा जण उभे राहत आणि आठ-नऊ मॅच खेळत. अस्रचा, म्हणजे दुपारनंतरचा, नमाज झाला, ऊन जरा कलतं झालं की मॅच सुरू होई. मी लायब्ररीच्या खिडकीतून बघे. बहुतेक वेळा बॉल आमच्याच गोलाजवळ दिसे.

मॅच संपली की मुनीरचं काम सुरू व्हायचं. आधी पाहुण्या कॅप्टनला खजूर आणि पाणी. मग काखेतली लांब, लाल पाठीची वही काढून त्याच्यापुढे धरायची. तारीख, ठिकाण, समोरचा संघ, गोल. आणि शेवटच्या दोन रकान्यांत दोन्ही कॅप्टनांच्या सह्या. दोन्ही सह्या असल्या तरच मॅच झाली. कॉलेजने असं करायला त्याला कधीच सांगितलं नव्हतं. पगार बॉलमध्ये हवा भरायचा आणि मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचा होता.

वहीचा आणखी एक नियम होता. हरल्याचं कारण लिहायचं नाही.

एका वर्षी आमच्याच कॅप्टनने सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं, रेफ्री त्यांच्या गावचा होता. मुनीरने त्यावर पांढरा कागद चिकटवला आणि पुन्हा सही करायला लावली.

"पण खरंच होता त्यांच्या गावचा," मी म्हटलं.

"असेल ना. पण एकदा कारण लिवलं की पुढच्या मॅचला पोरगा बॉलच्या आधी कारण शोधील."

"मग जिंकल्याचं कारण?"

"ते लिवायची वेळ कधी येते, बाई?"

ही वही त्याच्या डोक्यात कुठून शिरली, ते त्याने मला एकदाच सांगितलं. मुंबईला मामाकडे राहून तो एक वर्ष कॉलेजात गेला होता. संघात लेफ्ट बॅक. त्या वर्षी ते सगळ्या मॅच हरले. डावा पाय तेव्हाच गेला. मग वडील वारले, शिक्षण सुटलं, आधी मस्कत आणि मग सोहार. बऱ्याच वर्षांनी तो सुट्टीत त्या कॉलेजात गेला आणि ऑफिसात विचारलं, आमच्या वर्षाचं काही आहे का. क्लार्क म्हणाला, आपल्याकडे फुटबॉलचा संघ कधी नव्हताच.

"जिंकलेल्यांची नावं कपावर असतात," मुनीर म्हणाला. "माझा पाय मोडला तो कुठल्या मॅचमध्ये, ते सांगणारा एक कागद नाय. मी लोकांना सांगतो, मी खेळलो. ते मान हलवतात."

यापुढे मी कधी त्या वहीला हसले नाही. त्याआधी हसत होते.

२०१४ च्या फेब्रुवारीत एक गंमत झाली. ओमानच्या पूर्वेकडचं, शर्किया भागातलं एक कॉलेज आलं होतं, त्या वर्षी कोणालाही न हरलेलं. आम्ही त्यांना २-१ ने हरवलं. मी खिडकी सोडून मैदानावर गेले, इतका आरडाओरडा. मुनीर खजूर घेऊन त्यांच्या कॅप्टनकडे गेला. खमीस नाव, इब्राचा मुलगा, उंच, रागाने लाल झालेला. त्याने खजूर घेतला नाही. पेन घेतलं आणि भिरकावलं. मुनीरने ते वाळूतून उचललं, पुसलं, पुन्हा पुढे केलं. खमीस बसमध्ये जाऊन बसला.

मुनीरने पान उघडं ठेवलं. आमच्या कॅप्टनची सही झाली, दुसरा रकाना मोकळा. वर्षाअखेर त्याने बेरीज केली तेव्हा ही मॅच धरली नाही. आमची मुलं खवळली. एवढ्या वर्षांत एक मोठा विजय, तोही हा माणूस मोजत नाही.

"सही नाय, मॅच नाय," मुनीर म्हणाला. "हरलो तेव्हा हाच नियम होता ना?"

मीही त्याला मूर्ख म्हटलं. तोंडावर.

आता २०१६. कॉलेजला वीस वर्षं झाली म्हणून एप्रिलमध्ये समारंभ ठरला. व्यवस्था धनंजयकडे. धनंजय विद्यार्थी विभागाचा अधिकारी, पुण्याचा, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. मला काकू म्हणायचा. त्याला संघाचा सुरुवातीपासूनचा हिशोब हवा होता, किती जिंकले, किती हरले. मुनीरची वही २००४ पासूनची. त्याआधीच्या सहा वर्षांची, रेफ्रींनी सही केलेली मॅचची अरबी पत्रकं एका खोक्यात पडली होती, एकूण चव्वेचाळीस. ती इंग्रजीत टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, कारण 'काकूंना अरबी येतं.'

काकूंना अरबी येत नव्हतं. काकूंना कॉलेजचं नाव ओळखता येत होतं आणि आकडे वाचता येत होते. आणि काकूंना एक नियम माहीत होता, ज्याचा त्यांना फार अभिमान होता: अरबीत अक्षरं उजवीकडून वाचायची, पण आकडे डावीकडून. पंचवीस लिहायचे तर दोन डावीकडे आणि पाच उजवीकडे, आपल्यासारखेच. नियम खरा आहे. पण तो एका आकड्यापुरता. दोन संघांचे गोल मांडताना पहिल्या संघाचे गोल उजवीकडेच येतात, नावासारखे. प्रत्येक पत्रकावर आमचं नाव पहिलं, म्हणजे उजवीकडे. मी नाव उजवीकडून वाचलं आणि गोल डावीकडून. चव्वेचाळीस वेळा. आम्ही खाल्लेले गोल आम्हीच मारलेले झाले.

त्यामुळे पहिल्या सहा वर्षांत आम्ही एकतीस मॅच जिंकल्या. मुनीरच्या वहीत बारा वर्षांत एकोणीस. बरोबर पन्नास. धनंजय खुर्चीवरून उठून उभा राहिला. हरलेल्यांचा आकडा त्याने विचारलाही नाही. आठ दिवसांत मस्कतहून पितळी बोर्ड आला, अरबीत आणि इंग्रजीत कोरलेला: पन्नास विजय. लॉबीत लावायचा होता आणि लावायला अर्थात मुनीर, कारण ड्रिल मशीन त्याच्याकडे.

मुनीर बोर्ड बघून सरळ लायब्ररीत आला.

"बाई, हे पन्नास कोणी केले?"

"मी केले. सगळी पत्रकं टाइप केली आहेत. तुझ्या आधीची वर्षं चांगली होती, एवढाच अर्थ."

"खोका दाखवा."

मला राग आला. मी एम. ए., शिवाय ग्रंथालयशास्त्राची पदवी. आणि स्टोअरकीपर माझं काम तपासणार. तरी दिला खोका. मुनीर लहानपणी मशिदीत अरबी अक्षरं शिकलेला. त्याने वरचंच पत्रक काढलं, माझ्या यादीत ते ५-० असा विजय होता. खाली गोल मारणाऱ्यांची नावं लिहायची जागा असते. समोरच्या संघाखाली पाच नावं होती. आमच्याखाली एकही नाही.

"पाच गोल आपण मारले, तर मारले कोणी? भुतांनी?"

मी पत्रक उलट केलं, सुलट केलं. मग दुसरं काढलं, तिसरं काढलं. सातव्या पत्रकाला मी चष्मा काढून ठेवला.

मुनीरच्या जागी मी असते तर चार शब्द सुनावले असते. त्याने खुर्ची ओढली आणि आम्ही दोघांनी बसून सगळी पत्रकं पुन्हा मोजली. पहिल्या सहा वर्षांत सात जिंकल्या, सहा बरोबरीत, एकतीस हरल्या. मुनीरच्या वहीतल्या एकशे चार मॅच: एकोणीस जिंकल्या, बावीस बरोबरीत, त्रेसष्ट हरल्या. एकूण सव्वीस विजय, अठ्ठावीस बरोबरी, चौऱ्याण्णव पराभव. आकडा बघून मला कसंतरी झालं. मुनीरला झालं नाही. तो म्हणाला, "हां. आता सगळे आले."

मी धनंजयकडे गेले. मुनीर दाराबाहेर उभा.

"चूक झाली," मी म्हटलं. "माझी. पन्नास नाहीत, सव्वीस आहेत."

"काकू, बोर्ड आलाय."

"दुसरा करून घे."

"पितळी आहे तो. आणि डीनसाहेबांनी पन्नासचा आकडा भाषणात घेतलाय. कोण मोजायला येणार आहे, सांगा बरं."

"आलाय. दाराबाहेर उभा आहे."

धनंजयने त्याला आत बोलावलं. बसा म्हणाला, चहा मागवतो म्हणाला. मग अगदी मायेने विचारलं, "मुनीरभाई, तुमच्या कराराचं रिन्यूअल जूनमध्ये ना?"

"जूनमध्येच. तुमच्याच सहीने होतं."

"मग कशाला उगाच. संघाचं कौतुकच होतंय की. मुलांना बरं वाटेल."

"मुलं नाय ती आता. चाळिशीला आली. त्यांना माहीत हाय ते हरले. तुम्ही बोर्ड लावून त्यांना सांगताव की ते खेळलेच नाय, दुसरेच कोण खेळले."

"म्हणजे बोर्ड लावणार नाही?"

"ड्रिल मशीन देतो. स्क्रू देतो. हात माझा लागायचा नाय."

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, अरे, दोन मुली शिकताहेत तुझ्या. तो म्हणाला, "त्यांना पण सांगायचंय ना, बाप काय करायचा तिकडे."

समारंभाच्या दिवशी सकाळी सहाला मी चहाचा थर्मास घेऊन मैदानावर गेले. मुनीर फजरचा नमाज करून आलेला. रेघा मारायचा चुना त्याने बादलीत कालवला होता. मैदानामागे कॉलेजची लांब मातकट भिंत होती, मंडपात बसणाऱ्यांच्या बरोबर समोर. मी शिडी धरली. माझं वय चौसष्ट, गुडघे वाईट, पण शिडी धरता येत होती. मुनीरने अरबीत तीन शब्द लिहिले, विजय, बरोबरी, पराभव, आणि त्याखाली माणसाच्या उंचीचे आकडे.

"उजवीकडून?" मी विचारलं.

"उजवीकडून, बाई. आता तरी."

धनंजय दहाला आला आणि भिंत बघून त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. पुसायला माणूस शोधू लागला. चुन्याची पोती, बादल्या, ब्रश, सगळं ज्या केबिनमध्ये तिला कुलूप होतं आणि किल्ली मुनीरच्या कमरेला. मुनीर शुक्रवारच्या नमाजाला गेला आणि मुद्दाम लांबच्या मशिदीत गेला.

संध्याकाळी मंडप भरला. पहिल्या वर्षांतले खेळाडू आले होते, अंगात पांढऱ्या दिशदाशा, ते पायघोळ ओमानी झगे, सुटलेली पोटं, कडेवर पोरं. डीनसाहेबांनी भाषणात पन्नास विजय म्हटलं. टाळ्या झाल्या, पण विरळ. मंडपातले लोक त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होते. मी उठले आणि इंग्रजीत सांगितलं की पन्नास हा आकडा माझ्या चुकीचा आहे, भिंतीवरचा बरोबर आहे, आणि पत्रकं लायब्ररीत आहेत, कोणीही यावं. धनंजय जमिनीकडे बघत होता.

मग पहिल्या संघाचा कॅप्टन उठला. हिलाल, सहमला मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान आहे त्याचं. तो अरबीत बोलला, शेजारच्या प्राध्यापकाने मला सांगितलं. तो डीनसाहेबांना म्हणाला, "डॉक्टर, पहिल्या वर्षी आम्ही आठ मॅच खेळलो आणि आठ हरलो. त्या माझ्या आहेत. त्या माझ्याकडून काढून घेऊ नका."

लोक हसले, डीनसाहेबही हसले. म्हातारे होत चाललेले ते खेळाडू उठून भिंतीकडे गेले आणि 'पराभव' या शब्दाखाली उभे राहून फोटो काढू लागले. एक जण आपल्या मुलाला सांगत होता की यातला एक गोल त्याने स्वतःच्याच जाळ्यात मारला होता. मुनीर केबिनच्या दारात उभा होता, वही काखेत. हिलालने त्याला ओढत फोटोत नेलं. एकशे चार मॅचच्या त्याच्या कारभारात मी त्याला दात दाखवून हसताना तेवढंच पाहिलं.

एवढ्यावर संपवलं तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. बोर्ड कंत्राटदाराच्या माणसाने लॉबीत लावला. अजून आहे. भिंत पंधरा दिवसांत नवीन रंगाने झाकली. जूनमध्ये मुनीरला पत्र आलं, कराराचं नूतनीकरण होणार नाही. कारण दिलेलं नव्हतं. मी संतापले, डीनकडे जाते म्हणाले. मुनीरने पत्राची घडी घातली.

"बरोबर हाय बाई. कारण लिवायचं नसतं."

मीही त्याच महिन्यात नोकरी सोडली. यात शौर्य काही नाही. माझं निवृत्तीचं वय उलटूनच गेलं होतं.

आता पुन्हा तुझ्याशी, मुनीर.

जाताना तू वही मैदानाच्या कोपऱ्यावरच्या झेंड्याच्या लाल कापडात गुंडाळून घरी आणलीस. मी म्हटलं, तुझी आहे, तू घेऊन जा. तू म्हणालास, गावी वाळवी हाय, आणि एक सही राहिली हाय. खमीस आता बापाच्या दुकानात बसतो, इब्राच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, पडद्यांच्या कापडाचं दुकान, घड्याळ दुरुस्तीवाल्याला लागून. सगळी चौकशी तू करून ठेवली होतीस. मुलगा आता मोठा झालाय, करेल सही. बाई, तिकडे गेलात तर घ्याल का?

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

तू म्हणालास, "तुम्ही इन्शाल्ला म्हणू नका बाई. तुम्ही हो म्हणा."

मी हो म्हटलं.

२०१८ च्या जानेवारीत आम्ही सूरला लग्नाला गेलो. इब्रा वाटेवरच आहे. वही मी गाडीत घेतली होती, मागच्या सीटवर, त्याच कापडात. बुधवार होता. बुधवारी इब्राला बायकांचा बाजार भरतो, बायकांनीच विकायचं, बायकांनीच घ्यायचं, पुरुषांना आत मज्जाव. मी गेले. यशश्रीसाठी, म्हणजे नातीसाठी, जरीच्या काठाचा झगा घेतला, त्याला पाऊण तास लावला. बाहेर आले तर एकनाथराव हॉर्न वाजवत होते. घड्याळवाल्याची पाटी मला रस्त्यापलीकडे दिसत होती, मुनीर. शेजारच्या दुकानात पडदे टांगलेले होते. मी म्हटलं, येताना घेऊ. येताना आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने आलो, कारण तो लवकर पोचवतो.

तू फोनवर दोनदा विचारलंस. पहिल्यांदा मी म्हटलं, दुकान बंद होतं. ते खोटं होतं, ते इथे दुरुस्त करते. दुसऱ्यांदा तू विचारता विचारता थांबलास आणि आंब्यांबद्दल बोललास.

या लेखात विजय सत्तावीस लिहायचा मोह मला झाला होता. कोणाला कळलं असतं? संपादकांना सांगून ठेवलंय की आकड्यांना हात लावायचा नाही: सव्वीस, अठ्ठावीस, चौऱ्याण्णव. वही टेबलावर उघडी आहे. २०१४ च्या पानावर आमच्या कॅप्टनची सही, आणि शेजारी पेन वाळूतून उचलून तू पुढे केलंस तेव्हा पडलेला वाळूचा एक कण, शाईत चिकटलेला. रकाना मोकळा आहे.

इब्रा इथून साडेतीनशे किलोमीटरवर आहे. गाडी बघायला गिऱ्हाईक आज चार वाजता येतंय.

— सुगंधाबाई